तुमच्या कामाच्या ठिकाणी खरंच शिकायला मिळतं का? (अनुभव धागा)

धागाकर्ती: आमच्याकडे वर्षभरात ट्रेनिंगचे किती तास भरले, एवढंच मोजतात. त्याने कामात काय फरक पडला, हे कोणी विचारत नाही. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चाललेल्या गटांत चुकांच्या नोंदी उलट जास्त निघाल्या. तिथे माणसं चूक लपवत नव्हती. तुमच्याकडे काय चित्र आहे? सविस्तर लिहा, कंपनीचं नाव नको.

सुपरवायझर, भोसरी: आमचं सीएनसी शॉप, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग कापतो. दर सोमवारी पहिल्या शिफ्टचे सुरुवातीचे जॉब, म्हणजे बनवलेले भाग, बोअरच्या (आतल्या भोकाच्या) मापात बसायचे नाहीत. ऑपरेटरला झापायचं, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) बदलायचा, तासाभराने माप परत पळायचं. कारण एका जुन्या ऑपरेटरला ठाऊक होतं: रविवारच्या सुट्टीत मशीन थंड पडतं आणि स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) गरम होईतो माप सरकत राहतं. तो आपल्या मशीनवर आधी स्पिंडल रिकामा फिरवून घ्यायचा. त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. नवे प्लँट हेड आल्यापासून शिफ्ट सुरू होताना सगळे लाल बिनपाशी, म्हणजे रिजेक्ट जॉबच्या डब्यापाशी, जमतात, रिजेक्ट जॉब हातात घेऊन 'का झालं' विचारत खोलात जातात. 'कोणी केलं' हा प्रश्न बंद. तिथेच हे बाहेर आलं. आता वॉर्म-अपचा कागद प्रत्येक मशीनला लावलाय, त्या ऑपरेटरनेच लिहिलेला. सोमवारचं स्क्रॅप खूप कमी झालं, आयटीआयची नवी पोरंही लवकर तयार होतात.

नर्स, आयसीयू: अगदी पटलं. पोटॅशियम क्लोराईडचं अँप्युल दुसऱ्या औषधासारखंच दिसत होतं. एकीने लेबल वाचलं म्हणून वाचलो. आधीच्या हॉस्पिटलात हे कोणी बोललं नसतं, मेमो मिळायचा. इथे इनचार्ज सिस्टरनी त्याच हँडओव्हरला (शिफ्ट बदलताना) दोन्ही अँप्युल शेजारी ठेवून सगळ्यांना दाखवले आणि पोटॅशियम ट्रॉलीवरून कुलुपात गेलं. ते पातळ न करता तसंच शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

बँक कर्मचारी: आमच्याकडे काउंटरवर रांग असतानाच ऑनलाइन कोर्स उरकावे लागतात. प्रमाणपत्र मिळतं, ऑडिटला केवायसीच्या त्याच त्रुटी निघतात.

धागाकर्ती: भोसरीचे दादा, सकाळचा तेवढा वेळ जातो म्हणून वरून ओरड होत नाही?

सुपरवायझर, भोसरी: सुरुवातीला झाली. रिजेक्शनचा आकडा बोर्डावर उतरताना दिसला तशी थांबली. पण ऑर्डर तुंबली की पहिली काट त्याच वेळेवर बसते, आणि त्या आठवड्यात रिजेक्शन हमखास वाढतं.