कांदा निर्यातीचे नियम वर्षातून किती वेळा बदलावेत?

प्रश्न (निफाड तालुका): २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात थेट बंदी! तेव्हा आमचा लाल कांदा निघत होता. तो उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या कांदाचाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. हंगामात एकदाच बदल, असं बंधन घालता येणार नाही का?

उत्तर १: दादा, शहरात भाव भडकले तर सरकारने हातावर हात ठेवून बसायचं?

उत्तर २: बसू नये, पण आधी सांगावं. ब्रिटनमध्ये उद्योगांचे बरेच नियम ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबरलाच लागू करायची पद्धत आहे.

प्रश्नकर्ता: तेवढं झालं तरी पुष्कळ. रोप टाकायच्या आधी कळलं, तर क्षेत्र तरी कमी करता येईल.