गावातील माजी नौसैनिकांचा सत्कार आणि त्यांचे राहून गेलेले लाभ

कोरेगावकर यांचा प्रश्न

साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता, परंतु ते जवळजवळ सगळे भूदलातले. नौदलातले मोजकेच, म्हणून यंदा ४ डिसेंबरला नौदल दिनी त्यांचा ग्रामपंचायतीसमोर सत्कार करावा असे तरुण मंडळाने ठरवले. निमंत्रण द्यायला घरी गेलो, तेव्हा शाल-श्रीफळाआधी त्यांची कागदपत्रे मार्गी लागणे अधिक निकडीचे आहे असे दिसले.

एक आजोबा १९७१च्या युद्धात पश्चिम ताफ्यातील जहाजावर होते आणि पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. त्यांना निवृत्तिवेतन मिळते, पण पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशावर, आजींचे माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे. दुसरे आजोबा दहा वर्षांची नोकरी करून १९७७ साली घरी आले. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि आता शेतीही होत नाही. तिसऱ्या एका दिवंगत नौसैनिकाच्या पत्नी आहेत. त्यांनी ऐंशी ओलांडली, तरी कुटुंब निवृत्तिवेतनात वाढ झालेली नाही, ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड कधी काढलेलेच नाही, आणि हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत.

गावातील निवृत्त सुभेदार मनापासून मदत करतात, परंतु त्यांची सगळी माहिती त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसची आहे. नौदलाच्या माणसाने कोणाचे दार ठोठवावे?

माजी नौसैनिक, कराड

आपल्या जिल्ह्यात ही अडचण नेहमीची आहे. मिलिटरी अपशिंग्यासारखी गावे असलेल्या भागात सैनिक म्हटले की भूदलच डोळ्यांपुढे येते, आणि चांगल्या हेतूने दिलेला सल्लाही नौदलाच्या माणसाला चुकीच्या पत्त्यावर पाठवतो. नौदलात रेजिमेंट नसते. अधिकारी वगळता सर्व नौसैनिकांचे सेवा अभिलेख मुंबईत मानखुर्द येथील कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स या कार्यालयात असतात, आणि निवृत्तिवेतनाच्या तक्रारींसाठी तेथेच आयएनएस तानाजीच्या आवारात नौदलाचे पेन्शन ऑफिस आहे. पत्रव्यवहार करताना नौसैनिकाचा सेवा क्रमांक, हुद्दा आणि पीपीओ क्रमांक पहिल्याच ओळीत लिहावा, कारण नाव आणि गावावरून अभिलेख शोधणे फार अवघड जाते.

पहिल्या आजोबांच्या प्रकरणाला मी सर्वांत आधी हात घालीन. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्याकडील रीतीमुळे हा घोळ अनेक घरांत आहे आणि नवरा हयात असेपर्यंत तो कोणाला जाणवत नाही. पीपीओवर पत्नीचे नाव बरोबर असेल, तर पतीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दाखल्यावर आणि अर्जावर तुलनेने लवकर सुरू होते. नाव जुळत नसेल, तर त्या बाईला ऐन दुःखात आपण त्याच आहोत हे सिद्ध करीत बसावे लागते. आजोबा स्वतः सही करू शकतात तोवर दोघांनी मिळून प्रतिज्ञापत्र करावे आणि त्यात दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नमूद करावे. त्यासोबत दोघांचे आधार व पॅन, डिस्चार्ज बुकची, म्हणजे सेवामुक्तीच्या पुस्तिकेची, प्रत आणि एकत्र छायाचित्र जोडून दुरुस्तीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा.

सैनिक कल्याणचा निवृत्त कर्मचारी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. दुसऱ्या आजोबांविषयी अधिक लिहितो, कारण अशा माणसांना आपल्याला काहीच मिळणार नाही असे इतक्या वेळा सांगितलेले असते की ते विचारायचेच सोडून देतात.

पूर्वी नौदलात दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढे दहा वर्षे राखीव दलात, म्हणजे फ्लीट रिझर्व्हमध्ये, अशा अटीवर भरती होत असे. ३ जुलै १९७६च्या निर्णयाने नौदलाने ही राखीव सेवा बंद केली आणि पुष्कळ नौसैनिक दहा वर्षांनंतर थेट घरी आले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना राखीव सेवेवर मिळणारी रिझर्विस्ट पेन्शन नाकारली, परंतु नौदलाच्या निवृत्तिवेतन नियमांतील विशेष निवृत्तिवेतनासाठी, पात्रतेच्या अटी पूर्ण होत असल्यास, त्यांचा विचार व्हावा असे सांगितले. आजोबा १९७७ साली परतले असतील, तर त्यांचे डिस्चार्ज बुक काळजीपूर्वक वाचावे. भरतीची तारीख, राखीव सेवेचा उल्लेख आणि सेवामुक्तीचे कारण या तीन नोंदींवर सगळे अवलंबून आहे. त्या नोंदी अनुकूल दिसल्या, तर मानखुर्दला अर्ज अवश्य करावा.

त्याचा निर्णय होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. निवृत्तिवेतन नसलेल्या, पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या, हवालदार किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अर्थसाहाय्य मिळते. ते पूर्वी ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांसाठी ते ८,००० रुपये करण्यात आले आहे. नौदलातील पेटी ऑफिसर हा हवालदाराच्या बरोबरीचा हुद्दा आहे, त्यामुळे त्याखालचे लीडिंग सीमन वगैरे सर्व यात बसतात. अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि जिल्हा कार्यालय तो पडताळून पुढे पाठवते. माजी सैनिकाचे ओळखपत्र नसेल, तर आधी ते काढावे. विशेष निवृत्तिवेतन मंजूर झाले, तर हे साहाय्य थांबेल, ही गोष्ट आजोबांना आताच सांगून ठेवावी. हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. गावातील शाळेत दर डिसेंबरला मुले ज्या छोट्या झेंड्यांसाठी पैसे देतात, तोच हा निधी.

तिसऱ्या आजींची वाढ अडली आहे ती बहुधा त्यांची जन्मतारीख अभिलेखात नसल्यामुळे. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ रकमेवर २० टक्के, पंच्याऐंशीला ३० टक्के, नव्वदीला ४० टक्के अशी वाढ असते आणि ती मिळणाऱ्या व्यक्तीच्या वयावर ठरते, दिवंगत पतीच्या नव्हे. ईसीएचएससाठी कुटुंब निवृत्तिवेतनधारक पत्नी पात्र असते. त्या योजनेचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, साताऱ्यातच आहे.

घरपट्टीचेही पाहावे. राज्य शासनाच्या २०२०च्या निर्णयानुसार माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घरापुरती मालमत्ता करातून सूट आहे, परंतु ग्रामपंचायतीकडे अर्ज केल्याशिवाय ती लागू होत नाही. सत्काराच्या दिवशी सरपंच व्यासपीठावर असतीलच.

वाईची वाचक

माझे वडील नौदलात होते, म्हणून सत्काराविषयी थोडे लिहिते. फलकावर रणगाडा आणि बंदूकधारी जवान छापू नका. फ्लेक्सवाल्याकडे तेच चित्र तयार असते आणि कोणी सांगितले नाही, तर तो तेच लावतो. जहाजाचे नाव विचारून ते छापा. नौसैनिकाला स्वतःच्या नावाइतकेच ते प्रिय असते. १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर काम केलेल्यांना पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल मिळाले होते. ती पदके पेटीत असतील, तर आजोबांना डाव्या छातीवर लावायला सांगा. आजींनी पतीची पदके लावायची झाल्यास ती उजव्या बाजूला लावण्याची रीत आहे.

भाषणात ४ डिसेंबरच्या कराची हल्ल्याबरोबर खुकरी या जहाजाचाही उल्लेख असावा. ते ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडाले आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कराडच्या विजय दिवसामुळे आपल्या मुलांना त्या युद्धातील जमिनीवरच्या लढाया ठाऊक असतात, समुद्रावरच्या मात्र फारशा नसतात.

कोरेगावकर

सर्वांचे आभार. डिस्चार्ज बुक पाहिले, त्यात दहा वर्षे राखीव सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे तो अर्ज या आठवड्यातच पाठवतो. फक्त आजींच्या ठशांचा प्रश्न उरला.

माजी नौसैनिक, कराड

ठशांवर अडून राहू नका. जीवन प्रमाणचा, म्हणजे हयातीचा ऑनलाइन, दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. खोलीत उजेड हवा आणि आजींनी पापण्या मिटून उघडायला हव्यात, एवढेच. अर्ज भरताना निवृत्तिवेतन देणारी संस्था म्हणून जुनी बँक न निवडता ‘स्पर्श’ ही संरक्षण खात्याची निवृत्तिवेतनाची ऑनलाइन प्रणाली निवडा, अन्यथा दाखला निघूनही नोंद होत नाही आणि रक्कम थांबते. स्पर्शवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का तेही तपासा, कारण स्पर्शचा ओटीपी त्यावरच येतो. दाखल्याच्या दिवसांत कार्यालयातून बोलतो असे सांगून ओटीपी मागणारे फोन येतात. असा फोन आला, तर न बोलता ठेवून द्यायला आजींना सांगा.