गाडी चालवणे थांबल्यानंतर वृद्ध आई-वडिलांच्या फिरण्याची सोय कशी करावी?

प्रश्न

माझ्या वडिलांचे वय ७९ आहे. काचबिंदूमुळे बाजूचे नीट दिसेनासे झाल्याने त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून गाडी चालवणे बंद केले आहे. आईला गुडघ्यांचा संधिवात आहे आणि बसच्या पायऱ्यांची तिला धास्ती वाटते. बस आणि मेट्रो घरापासून फार लांब नाहीत, ज्येष्ठांचा सवलतीचा पासही दोघांकडे आहे, तरीही त्यांचे बाहेर पडणे आता दवाखान्यापुरते उरले आहे. दर वेळी रजा काढून सोबत जाणे मला किंवा भावाला जमत नाही, आणि कायम दुसऱ्यावर विसंबून राहणे वडिलांना रुचत नाही. कोणते पर्याय विचारात घ्यावेत आणि सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी बसवाहतुकीच्या नियोजनात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या वर्णनावरून भाडे हा अडथळा दिसत नाही. तेव्हा आईंसोबत एकदा घराच्या दारापासून बसमधल्या आसनापर्यंतचा सगळा मार्ग सावकाश पार करा आणि त्या नेमक्या कुठे थबकतात ते पाहा. जुन्या पद्धतीच्या बसचा तळ जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो आणि पहिली पायरीच गुडघ्याची परीक्षा पाहते. लो-फ्लोअर बसमध्ये हीच उंची ३५ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि काही बस थांब्यावर दाराकडच्या बाजूने आणखी खाली झुकतात. मात्र चालकाने बस पदपथाला लावून उभी केली नाही, तर प्रवाशाला रस्त्यावर उतरून पुन्हा चढावे लागते आणि या सोयीचा बराचसा उपयोग वाया जातो. तुमच्या मार्गावर अशा बस कोणत्या वेळी धावतात, याची चौकशी आगारात जरूर करा.

दुसरी गोष्ट पडण्याची. वृद्ध प्रवाशांना होणाऱ्या कितीतरी दुखापती कोणतीही टक्कर न होता, बसच्या आतच होतात: प्रवासी बसण्यापूर्वीच बस सुटते किंवा अचानक ब्रेक लागतो. म्हणून चढतानाच “बसेपर्यंत थांबा” असे मोठ्याने सांगावे, दाराजवळचे पुढे तोंड असलेले आसन घ्यावे आणि उतरण्यासाठी बस पूर्ण थांबल्यावरच उठावे. मागचे प्रवासी कुरकुर करतील, करू द्यावी.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण मी फिजिओथेरपिस्ट असल्याने बसच्या आधीच्या टप्प्याकडे लक्ष वेधते. अनेक ठिकाणी पादचारी सिग्नलची वेळ सेकंदाला १.२ मीटर चालण्याचा वेग गृहीत धरून ठरवलेली असते. त्या हिशेबाने १८ मीटर रुंद रस्ता १५ सेकंदांत ओलांडता येतो, गुडघेदुखीमुळे ०.८ मीटरच्या वेगाने चालणाऱ्या व्यक्तीला त्याच रस्त्याला २२ सेकंदांहून अधिक लागतात. सिंगापूरमध्ये २००९ पासून काही चौकांत ज्येष्ठांनी आपले कार्ड खांबावरच्या यंत्राला लावले की, रस्त्याच्या रुंदीनुसार हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. अशी सोय नसेल तेथे आधीच सुरू असलेल्या हिरव्या दिव्यावर रस्त्यात पाऊल टाकू नये आणि पुढच्या हिरव्या दिव्याची वाट पाहावी.

वाटेत बसायला जागा आहे का, हेही पाहा, आणि त्या बाकाला हात आहेत का, हे विशेष पाहा. हातांवर जोर देता आला नाही तर बसलेल्या माणसाला उठवायला दुसरा माणूस लागतो. आईंना चाकांचा, ब्रेकचा आणि बसायची सोय असलेला वॉकर उपयोगी पडेल का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्या. घेण्यापूर्वी तो घडी करून बसमध्ये नेता येतो याची खात्री करा.

एक विषय संकोचामुळे बोलला जात नाही, तो स्वच्छतागृहाचा. वाटेत सोय नाही म्हणून पाणी न पिणारे किंवा लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळणारे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी एक मतभेद नोंदवतो. काही वृद्धांना थांब्यापर्यंत पोहोचणेच शक्य नसते. त्यांच्यासाठी बस कितीही खाली झुकली तरी उपयोग नाही. अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक कायद्यानुसार, नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात, ज्यांना ती बस वापरता येत नाही अशांसाठी आदल्या दिवशी नोंदणी करून मिळणारी पर्यायी वाहनसेवा द्यावी लागते. तेथे पात्रता वयावर नव्हे, तर बस वापरता येते की नाही यावर ठरते, आणि मला हेच तत्त्व योग्य वाटते. जर्मनीत विरळ वस्तीच्या भागांत १९८५ पासून ‘नागरिक बस’ चालतात: आठ प्रवाशांची लहान गाडी, ठरलेला मार्ग आणि स्वयंसेवक चालक. तुमच्या परिसरात अशी सेवा असल्यास नोंदणीची मुदत, सोबतीची परवानगी आणि परतीची वेळ लांबल्यास काय होते, हे आधीच विचारून घ्या. दवाखान्यात परतीचीच वेळ हमखास चुकते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आईच्या बाबतीत दिशा मिळाली. वडिलांची अडचण निराळी आहे: टॅक्सी मागवणे त्यांना उधळपट्टी वाटते आणि मोबाइलवरून गाडी बोलावणे त्यांना जमत नाही.

प्रतिसाद ४

गाडी अजून दारात उभी असेल, तर तिचा विमा, दुरुस्ती, इंधन आणि पार्किंग यांवर वर्षभरात होणारा खर्च वडिलांसमोर बसून कागदावर मांडा आणि गाडी विकल्यास तेवढी रक्कम दरमहा ‘प्रवासासाठी’ म्हणून बाजूला ठेवा. हिशेब पाहिल्यावर बरीच माणसे टॅक्सीला राजी होतात. मोबाइलच्या ॲपचा आग्रह धरू नका. फोन केल्यावर येणारा ओळखीचा चालक ठरवा, किंवा तुम्ही तुमच्या मोबाइलवरून गाडी नोंदवून तिचा क्रमांक त्यांना फोनवर सांगा. आई सोबत असतील तर फार खालची गाडी नको आणि फार उंचही नको: आसनाकडे पाठ करून आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत, म्हणजे गुडघ्याला पीळ पडत नाही.

परवान्याबद्दलही सांभाळून बोलावे. जपानमध्ये १९९८ पासून परवाना स्वेच्छेने परत करता येतो आणि तो परत करणाऱ्याला मागितल्यास वाहन चालवल्याच्या कारकिर्दीचे प्रमाणपत्र मिळते. ते ओळखपत्र म्हणून चालते आणि काही ठिकाणी त्यावर भाड्यात सूटही मिळते. हातून काहीतरी काढून घेतले जात आहे, ही भावना त्यामुळे थोडी सौम्य होत असावी. तुमच्याकडे निदान एवढे करा की, टॅक्सीची पहिली फेरी तपासणीसाठी ठेवू नका. वडिलांना त्यांच्या एखाद्या मित्राकडे जाऊ द्या, आणि परतीची वेळ त्यांनाच ठरवू द्या.