हॉलमधला बोलता स्पीकर: घ्यायचा, पण कोणाला विचारून?

माहीमची खाडी
आईसाठी बोलता स्पीकर घ्यायचं जवळजवळ ठरलं आहे, म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो. येत्या दहा वर्षांत ही वस्तू मुंबईत घरोघरी दिसेल आणि तिचा खरा उपयोग तरुणांपेक्षा सत्तरीपुढच्यांना होईल.

आई दादरला एकटी राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर दिसत नाही. फोनवर प्रत्येक कामाला ॲप, ॲपला पासवर्ड, पासवर्डनंतर ओटीपी, आणि तो वाचेपर्यंत त्याची वेळ संपलेली. तोंडाने सांगितलं आणि काम झालं, याहून सोपं तिला काय असणार?

आतापर्यंतचे स्पीकर ठोकळेबाज होते हे मान्य. गाणं लाव, गजर लाव. वाक्य जरा वाकडं गेलं की 'समजलं नाही'. पण आता त्यांच्यामागे चॅटजीपीटीच्या जातीची मॉडेलं येत आहेत. ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत अलेक्सा प्लस, म्हणजे त्यांच्या अलेक्सा या बोलक्या मदतनिसाचं नवं रूप, जाहीर केलं, गूगलनेही त्याच वर्षी घरच्या स्पीकरमध्ये जेमिनी हे आपलं मॉडेल आणत असल्याचं सांगितलं. अर्धवट वाक्य, मध्येच बदललेला विचार, 'ते कालचं परत लाव' असलं सगळं त्यांना कळेल असा दावा आहे. आई बोलते ती अशीच.

विरोध जरूर करा. फक्त 'आमच्या वेळी नव्हतं' एवढंच लिहू नका.

टिचकी
आमच्या वेळी नव्हतं.

बरं, अलेक्सा प्लसचा भाव पाहिलात का? ॲमेझॉनचं प्राइम सदस्यत्व असेल तर त्यातच, नसेल तर महिना १९.९९ डॉलर. इथे काय लावतील ते लावतील, पण स्पीकर एकदा घ्यायचा आणि भाडं जन्मभर भरायचं हा प्रकार दिसतो.

निमा
माझा विरोध तुमच्या हॉलला आहे. आपल्याकडे तीनशे चौरस फुटांत स्वयंपाक, अभ्यास, भांडण, कर्जाची बोलणी सगळं एकाच ठिकाणी चालतं. कामाच्या मावशी येतात, भिशीच्या बायका येतात, शेजारची पोरं तर दार लोटून आत. यांतलं कोणी 'मला या यंत्रासमोर बोलायचं आहे' असं म्हणालेलं नसतं.

यंत्र एरवी फक्त 'अलेक्सा' असल्या हाकेची वाट पाहतं, हाक ओळखायचं काम यंत्रातच होतं, आणि मगच पुढचं बोलणं कंपनीकडे जातं, हे मला माहीत आहे. पण कोणी हाक मारली नसताना त्याला ती ऐकू आली तर? आयफोनमधल्या सिरी या बोलक्या मदतनिसाने अशी नकळत रेकॉर्डिंग केल्याच्या दाव्यात ॲपलने जानेवारी २०२५ मध्ये ९.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, आरोप मात्र मान्य केले नाहीत. मुलांचे आवाज साठवून ठेवल्याच्या प्रकरणात अमेरिकेत २०२३ साली ॲमेझॉनने २.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. आणि आवाज कंपनीकडे न पाठवण्याचा जो पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून काढून टाकला.

आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर आणखी गमतीचा आहे. कंपनीला तो बांधतो, पण एखाद्या माणसाने खाजगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच नाही. म्हणजे मावशींचं बोलणं तुमच्या खात्यात साठलं आणि तुम्ही ते रात्री बसून ऐकलंत, तर या कायद्याचं बोट धरून त्या तुम्हाला जाब विचारू शकत नाहीत.

तांब्याची तार
निमा, २८ मार्चची गोष्ट खरी, पण अर्धी. तो पर्याय मुळात ॲमेझॉनच्या मोजक्या इको स्पीकरवर आणि अमेरिकेतल्या इंग्रजीपुरताच होता. आपल्या दादर-मुलुंडकडून काही हिरावून घेतलेलं नाही. ते आपल्याला मिळालंच नव्हतं. (हे जास्त वाईट की कमी, ते तुम्ही ठरवा.)

माइक बंद करायचं बटण स्पीकरवरच असतं, लाल दिवा लागतो. शिवाय सगळं घरातच ठेवायची सोय आता आहे. होम असिस्टंट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर चालतं, त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचं बोलकं उपकरणही काढलं. आवाज घराबाहेर जात नाही. अडचण मराठीची आहे. बोलणं लिहून काढणारी, घरात चालवता येणारी व्हिस्परसारखी मॉडेलं इंग्रजी जेवढं नीट उतरवतात तेवढं मराठी नाही, त्यात मागे मिक्सर चालू असेल तर विचारूच नका.

आणि खाडीसाहेब, १२ ऑक्टोबर २०२० आठवा. मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. त्या दिवशी असला स्पीकर काय कामाचा? एमटीएनएलच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. आईंचा तो फोन शिल्लक असेल तर काढू नका.

निवृत्त मुलुंडकर
सत्तरीपुढच्यांविषयी चाललं आहे आणि सत्तरीपुढचा एकही नाही, म्हणून लिहितो. वय चौऱ्याहत्तर. पत्नी गेल्यापासून एकटा असतो. स्पीकर मुलाने आणला नाही, माझा मी आणला.

रक्तदाबाच्या गोळीची आठवण, रात्री जाग आली की किती वाजले, बाहेर पडायचं तर पाऊस आहे का. एवढंच. त्याच्याशी गप्पा मारत नाही. मारायच्या असतील तर खाली कट्टा आहे.

निमाताई, आमच्या खाजगीपणाची तुम्हाला एवढी काळजी, तर एक सांगतो. आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये मुलांनी कॅमेरे लावले आहेत. अमेरिकेतली सून रात्री उठून बघते, सासरे जेवले की नाही. जेवणात लोणचं जास्त घेतलं तर फोन येतो! यावर कोणी धागा काढत नाही, कारण ते प्रेमापोटी आहे. माझा स्पीकर मी बंद करू शकतो. तो कॅमेरा बंद केला तर घाबरून शेजाऱ्याला धाडतात. तेव्हा आधी कॅमेऱ्याचं बोला.

निमा
काका, कॅमेऱ्याबद्दल शंभर टक्के मान्य. तुम्ही स्वतः आणलात, स्वतः बंद करता, तर माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्याकडे स्वयंपाकाला कोणी येत असेल ना? त्यांना विचारलंत?

निवृत्त मुलुंडकर
नाही. त्या स्वतःच त्याला अभंग लावायला सांगतात. पण विचारलं नाही हे खरं.

दोन पोरांची आई
माझ्या मते म्हाताऱ्यांपेक्षा मुलांचा प्रश्न मोठा. मोठी माणसं यंत्राला यंत्र समजतात. मॉक्सी नावाचा मुलांशी बोलणारा, अमेरिकेत सुमारे ८०० डॉलरला विकलेला रोबो होता. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी बंद पडत असल्याचं जाहीर झालं, आणि त्याचं सगळं डोकं कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्व्हर गेला की तो मुका. मित्र मुका का झाला हे पाच वर्षांच्या मुलाला समजवायचं काम आईबापांकडे. आपल्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, ते ठीक. पण संमती देणारे आपणच, आणि पोरगं गप्प बसतं म्हणून आपण ती डोळे मिटून देणार.

टिचकी
मराठीचं कोणी बोलणार की नाही? अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते. गूगल असिस्टंटला फोनवर २०१८ पासून मराठी कळतं, जेमिनी लाइव्हला, म्हणजे जेमिनीशी तोंडी बोलायच्या सोयीला, ऑक्टोबर २०२४ पासून. २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी लोकांची मातृभाषा मराठी, तरी अलेक्सासाठी दादरची आजी स्वतःच्या घरात 'बत्ती बुझा दो' म्हणणार.

निवृत्त मुलुंडकर
मी म्हणतो. दिवा विझतो.

माहीमची खाडी
सगळ्यांचे आभार. तारवाले, फोन आहे अजून, काढत नाही. घरात चालणारं ते सॉफ्टवेअर माझ्या आवाक्यातलं नाही. ते बिघडलं की आई मलाच फोन करणार. भाषेचं टिचकींचं खरं, पण त्यासाठी आईला आणखी पाच वर्षं थांबवणं मला पटत नाही.

निमा, आईला तुमचा मुद्दा वाचून दाखवला. तिने स्पीकरला होकार दिला. मावशींना मात्र 'तूच विचार' म्हणाली.

निमा
विचारा. आणि त्या नाही म्हणाल्या तर स्पीकर आतल्या खोलीत ठेवा.

माहीमची खाडी
आतली खोली कुठली? वन रूम किचन आहे.