मदत हवी आहे: खिशात गोळी असल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही

घाटमाथा (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी ४१ वर्षांचा असून कऱ्हाडमधील एका पतसंस्थेत नोकरी करतो. गेले दीड वर्ष मला होत असलेला त्रास येथे सविस्तर लिहितो, कारण दवाखान्यातल्या पाच मिनिटांत तो मला कधीच नीट सांगता आलेला नाही.

पुण्याला जाताना आमची एसटी खंबाटकीच्या बोगद्यात वाहतूक खोळंबल्यामुळे उभी राहिली, तेव्हा याची सुरुवात झाली. छातीत धडधड सुरू झाली, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि आपण आता येथेच मरणार, असे अगदी खात्रीने वाटले. शेजारच्या प्रवाशाने पाणी दिले. शिरवळ येईपर्यंत सारे ओसरले होते, तरीही पुण्यात उतरल्यावर मी तडक रुग्णालय गाठले. ईसीजी व्यवस्थित निघाला. पुढच्या चार महिन्यांत असे झटके सहा-सात वेळा आले: एकदा संस्थेच्या वार्षिक सभेत, एकदा न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड बांधलेले असताना, आणि एकदा तर मध्यरात्री गाढ झोपेतून जाग येऊन. टू डी एको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिलवरची चाचणी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर अशा सर्व तपासण्या झाल्या. अहवाल चांगला आला की दोन दिवस बरे वाटायचे आणि तिसऱ्या दिवशी मनात यायचे की तपासणाऱ्यांच्या नजरेतून काहीतरी निसटले आहे.

त्या वेळी एका डॉक्टरांनी "तुम्हाला काहीही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका" असे सांगून क्लोनाझेपाम ही भीती शमवणारी गोळी लिहून दिली. ती किती दिवस घ्यायची हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आज त्याला चौदा महिने झाले. रोज रात्री एक गोळी घेतो आणि एक सुटी गोळी शर्टाच्या खिशात असते. एकदा उंब्रजपर्यंत गेल्यावर लक्षात आले की कपडे बदलताना ती गोळी घरीच राहिली आहे, आणि त्या एका विचारानेच झटका आला. उलट, गोळी तोंडात टाकली की दोन मिनिटांत शांत वाटते. आता मी एसटीने जात नाही, सभेत दाराजवळची खुर्ची धरतो, गावाबाहेर जायचे असेल तर धाकट्या भावाला सोबत नेतो. पुण्याला गेल्या दहा महिन्यांत गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात पत्नीच्या आग्रहामुळे साताऱ्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी प्रथमच या त्रासाला नाव दिले, पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा आजार, आणि एस्सिटॅलोप्राम ही नैराश्य व चिंतेवरची गोळी कमी मात्रेत सुरू केली. चौथ्या दिवसापासून मळमळ आणि अस्वस्थता इतकी वाढली की सहाव्या दिवशी मी ती माझ्या मनानेच बंद केली. ही गोष्ट मी अजून डॉक्टरांना सांगितलेली नाही, पत्नीलाही नाही.

माझी विनंती अशी की, ज्यांनी हा आजार स्वतः अनुभवला आहे किंवा ज्यांना त्याचे वैद्यकीय ज्ञान आहे, त्यांनी मला हे समजावून सांगावे. हृदय ठणठणीत असताना शरीर इतके खरे संकट कसे उभे करते? नवीन औषधाने त्रास वाढला, याचा अर्थ ते मला मानवत नाही असा घ्यायचा का? जुनी गोळी कधी सुटेल? आणि औषधाशिवाय जी बोलण्याची उपचारपद्धती असते, ती आमच्यासारख्या गावात, मराठीतून कोठे मिळते? आई दर अमावास्येला मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढते. तिच्या मायेला मी नाही म्हणत नाही, पण घरात या आजाराविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही, हे दुःख फार आहे.

जुनी_प्रवासी (प्रतिसाद)

तुमचे लिखाण वाचताना मला माझी नऊ वर्षांपूर्वीची स्थिती आठवली. माझा त्रास लोकलमध्ये सुरू झाला होता. दादर ते ठाणे हा रोजचा प्रवास मी तीन महिने बंद केला होता आणि पिशवीत पाण्याची बाटली, लिंबू आणि नवऱ्याचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकत नसे.

तुमच्या प्रश्नातील एका वाक्याकडे तुमचे लक्ष वेधते. गोळी तोंडात टाकल्यावर दोन मिनिटांत शांत वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला नेमके याच ठिकाणी थांबवले होते. गिळलेली गोळी पोटात विरघळून, रक्तात उतरून मेंदूपर्यंत पोचायला साधारण अर्धा तास लागतो. मग दोन मिनिटांत जे शांत झाले, ते कशाने झाले? त्या दिवशी मी या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसून होते. झटका दहा मिनिटांच्या आसपास टोकाला जातो आणि नंतर आपोआप उतरू लागतो. आपण गोळी काढतो, ती बहुधा तो टोकाला पोचलेला असताना, आणि उतरण्याचे सारे श्रेय गोळीला देऊन टाकतो. "आता मी सुरक्षित आहे" हा विचारच शरीराला शांत करत असतो. म्हणजे ते बळ तुमच्यातच आहे, पण गोळी खिशात असेपर्यंत मनाला त्याचा पुरावा कधी मिळत नाही. दाराजवळची खुर्ची आणि सोबतीला भाऊ यांचेही तसेच आहे.

मात्र हे वाचून उद्यापासून रात्रीची गोळी बंद करू नका. खिशातली गोळी आणि रोजची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यावर येथील डॉक्टर सांगतीलच.

मला बरे वाटायला वर्ष लागले. त्यात चौदा बैठका झाल्या. पहिल्या तीन बैठका मला निरर्थक वाटल्या होत्या, कारण त्यांत केवळ वहीत नोंदी करायच्या होत्या: झटका केव्हा आला, त्याआधी शरीरात काय जाणवले, त्याचा मी काय अर्थ लावला. चौथ्या बैठकीत बाईंनी मला एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावले आणि माझ्या बोटांना त्याच मुंग्या आल्या, तेच गरगरले. आपल्या 'मरणाची' लक्षणे आपण खुर्चीत बसून स्वतःच निर्माण केली, हे पाहून मी रडले. हा प्रयोग घरी एकट्याने करून पाहू नका. तो कधी आणि कसा करायचा हे शिकवणारे माणूस समोर असावे लागते.

मनोविकार_चिकित्सक (प्रतिसाद)

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. आपणास तपासलेले नसल्याने मात्रा किंवा वेळापत्रक सांगणार नाही, परंतु आपल्या प्रश्नांमागील वैद्यकीय भाग स्पष्ट करतो.

संकट समोर आले की अ‍ॅड्रिनलिनमुळे हृदय वेगाने धावते, स्नायू ताठरतात, श्वास वाढतो. ही पळून जाण्याची किंवा लढण्याची तयारी असते आणि ती निरोगी शरीरातच होते. आपल्या बाबतीत ही घंटा संकट नसताना वाजते. १९८६ साली डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मांडलेले प्रारूप आजही उपचाराचा पाया आहे: धडधड जाणवते, तिचा अर्थ "हृदयविकाराचा झटका" असा लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वर्तुळ पूर्ण होते. श्वास पुरत नाही असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात माणूस गरजेपेक्षा अधिक श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मुंग्या, गरगरणे, आजूबाजूचे जग खोटे वाटणे ही लक्षणे येतात. प्राणवायू कमी पडलेला नसतो. ज्यांना अशा झटक्यात बेशुद्ध पडण्याची भीती वाटते त्यांनी हेही जाणावे की, या वेळी रक्तदाब सहसा वाढलेला असतो, म्हणून माणूस क्वचितच बेशुद्ध होतो. आपल्या तपासण्या झाल्या ते योग्यच झाले, कारण थायरॉईडचे आजार आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड यांची लक्षणे अशीच असू शकतात. पण आता त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करून घेणे हाही त्या वर्तुळाचाच भाग होईल. झटक्यांपेक्षा वेगळे काही जाणवले, उदाहरणार्थ चढ चढताना छातीत दुखू लागले, तर मात्र अवश्य दाखवावे.

एस्सिटॅलोप्राम व त्या गटातील औषधांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ व अस्वस्थता वाढू शकते, आणि पॅनिकच्या रुग्णांना ती अधिक जाणवते, कारण ते शरीराच्या प्रत्येक बदलाकडे कान लावून बसलेले असतात. म्हणूनच आम्ही कमी मात्रेपासून सुरुवात करतो. हे आपणास आधी सांगितले गेले असते तर सहाव्या दिवशी आपण औषध सोडले नसते, असे मला वाटते. परिणाम दिसू लागण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यानंतरही औषध साधारण वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी केले जाते. या गटाच्या औषधांचे व्यसन लागत नाही, मात्र ती एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड असा त्रास होऊ शकतो. औषध बंद केल्याचे आपल्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगावे. असे फोन आम्हाला नेहमी येतात, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

क्लोनाझेपामबाबत मी ठाम आहे. चौदा महिने रोज घेतलेली ही गोळी एकाएकी थांबवल्यास झोप उडते, भीती उसळून येते आणि काहींना फिटसुद्धा येऊ शकते. ती मुख्य उपचार स्थिरावल्यानंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी करत, काही आठवडे किंवा महिने घेऊन कमी करावी लागते. तोवर तिच्याबरोबर मद्य वर्ज्य.

बोलण्याची उपचारपद्धती म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी): विचारांचे चुकीचे अर्थ तपासणे आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरे जाणे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) विचारणा करावी आणि "आपण पॅनिकसाठी टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव करून घेता का?" असे स्पष्ट विचारावे. नुसता धीर देणारे समुपदेशन येथे पुरत नाही. मराठीतून हे मिळणे अवघड नाही. मानसोपचारक कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे याच प्रकारातली एक पद्धत, आपल्याकडे रुजवली, आणि ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९०पासून या क्षेत्रात काम करीत आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही चौकशी करावी. शिवाय १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते.

घाटमाथा

दोघांचेही मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही केल्याशिवाय नुसते धन्यवाद देणे मला योग्य वाटले नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. त्यांनी आधीच्या निम्म्या मात्रेने सुरुवात करायला सांगितली आणि पहिले दहा दिवस काय काय वाटू शकते हे फोनवरच समजावले. मळमळ आठव्या दिवशी थांबली. रात्रीची जुनी गोळी सध्या तशीच आहे. ती पुढच्या भेटीपासून कमी करायची ठरले आहे. साताऱ्यातच एक मानसशास्त्रज्ञ मिळाल्या. त्यांच्याशी तीन बैठका झाल्या, त्यांपैकी एक फोनवरून.

त्यांनी माझ्याकडून प्रवासाची एक चढण लिहून घेतली: भावासोबत एसटीने उंब्रज, मग एकट्याने उंब्रज, मग सातारा, मग पाचवड, सुरूर, आणि सर्वात वर बोगदा. मागच्या गुरुवारी एकट्याने उंब्रजला जाऊन आलो. खिशातली गोळी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती. मसूर फाट्याच्या आसपास धडधड सुरू झाली तेव्हा हात आपोआप खिशाकडे गेला, खिसा रिकामा लागला, आणि पुढची काही मिनिटे फार कठीण गेली. घड्याळाकडे बघत बसलो. अकराव्या मिनिटाला माझ्या लक्षात आले की मी खिडकीतून उसाच्या मोळ्या भरलेली बैलगाडी पाहतो आहे.

आईलाही सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाली की, तिच्या थोरल्या बहिणीला बाजारात जाताना असेच व्हायचे, म्हणून ती वीस वर्षे घराबाहेर पडली नाही आणि सगळे तिला बाहेरवसा, म्हणजे भूतबाधा, झाला असे म्हणत. मावशीविषयी आमच्या घरात हे कोणी कधी उच्चारले नव्हते.

जुनी_प्रवासी, आपणास एक विचारायचे आहे. पुढच्या पायरीला, म्हणजे साताऱ्याला एकट्याने जाताना, झटका आला तर मध्येच उतरून थांबावे की बसूनच राहावे? बाईंनी बसून राहायला सांगितले आहे, पण ज्यांनी ते केले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

जुनी_प्रवासी

बसून राहा. मी मुलुंडला दोनदा उतरले होते, आणि पुढचे पंधरा दिवस मला मुलुंड स्थानकाचीच भीती वाटत होती. तिसऱ्या वेळी पाय थरथरत असताना बसून राहिले, ठाण्याला उतरले तेव्हा थकले होते, पण भीती उरलेली नव्हती. अगदीच असह्य झाले आणि उतरावे लागले, तर घरी परतू नका. स्टँडवर बसा, उतार पडू द्या, आणि पुढची एसटी त्याच दिशेची पकडा.