मदत हवी आहे: मॅग्ना कार्टातल्या 'रिलीफ' आणि 'स्क्यूटेज'ला मराठीत काय म्हणावं?

१२१५ च्या मॅग्ना कार्टामागच्या (इंग्लंडच्या जॉन राजाकडून सरदारांनी मान्य करून घेतलेली सनद) राजकारणावर मराठी टिपण करायचं आहे, गाडी दोन शब्दांवर अडली आहे.

पहिला 'रिलीफ'. सरदार वारला की वारसाने जहागिरीचा ताबा घेताना राजाला द्यायची रक्कम. सनदेच्या दुसऱ्या कलमाने ती सबंध बॅरनीसाठी (बड्या सरदाराच्या जहागिरीसाठी) १०० पौंडांवर बांधली, कारण जॉन राजा मनाला येईल तो आकडा मागायचा. निकोलस द स्टटव्हिल या सरदारावर १०,००० मार्क लादले होते. मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड, म्हणजे सुमारे ६,६६७ पौंड! 'वारसा कर' लिहिलं तर आजचा कायद्याने ठरलेला कर डोळ्यांपुढे येतो आणि राजाची मनमानी, जी भांडणाचं मूळ, तीच पुसली जाते. मला 'नजराणा' जवळचा वाटतो. आपल्याकडेही वतन वारसाच्या नावे करताना नजर घेत. पण नजराण्यात खुशीची छटा येते का?

दुसरा 'स्क्यूटेज'. लढाईला न जाता त्याऐवजी भरायचा पैसा. १२१४ मध्ये दर नाइटच्या (घोडेस्वार योद्ध्याच्या) जमिनीमागे ३ मार्क मागितले, त्याच वर्षी जुलैत बूव्हीनच्या लढाईत जॉनच्या मित्रफौजांचा पराभव झाला आणि उत्तरेकडच्या सरदारांनी पैसे द्यायला साफ नकार दिला. 'ढालपट्टी' शब्दशः बरोबर (लॅटिन 'स्क्यूटम' म्हणजे ढाल), पण वाचकाला ढालींवरचा कर वाटेल. 'चाकरीबदल पट्टी' कसं वाटतं?

मोडी कागद किंवा वतनाची दफ्तरं वाचणाऱ्यांनी जरूर सांगा: सक्तीच्या नजरेला वेगळा शब्द आढळतो का? आणि स्वारीवर न गेलेल्या सरदाराकडून घेतलेल्या रकमेला काय म्हणत?