जुनी शेव्हरलेट: पेट्रोलचा काटा कायम फुल्ल, अँमीटर चार्ज दाखवत नाही

होटगीरोड:
१९३६ ची शेव्हरलेट, सहा व्होल्ट, थर्ड ब्रशचा (तिसरा ब्रश सरकवून चार्ज कमी-जास्त करायचा) डायनॅमो. स्विच टाकला की पेट्रोलचा काटा फुल्लच्या पुढे जाऊन बसतो, टाकीत दोन लिटर असो की वीस. दिवे लावले की अँमीटर उणेकडे जातो, पण इंजिन कितीही पळवलं तरी अधिककडे येत नाही. वायरमन म्हणतोय दोन्ही मीटर गेले. सोलापुरात सहा व्होल्टचं काही मिळत नाही, तर बारा व्होल्टच करून टाका, असाही सल्ला आहे. मीटर खोलण्याआधी काय बघू?

बॅलन्सकॉइल:
बारा व्होल्टचा विचार सोडा. बल्ब, इग्निशन कॉइल, मीटर सगळंच बदलावं लागेल आणि बिघाड आहे तिथंच राहील.

आधी पेट्रोल. या मीटरमध्ये दोन कॉइल असतात. टाकीतल्या युनिटचा (पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) रोध रिकाम्या टाकीला शून्य, भरलेल्या टाकीला साधारण ३० ओहम. म्हणजे युनिटकडची वायर तुटली, तर मीटरला रोध अनंत दिसतो आणि काटा फुल्लपार जातो. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. टाकीवरची वायर सोडवा आणि स्वच्छ चेसिसला टेकवा. काटा एम्टीवर आला तर मीटरही ठीक, वायरही ठीक. नाही आला, तर मीटरमागच्या युनिटच्या टर्मिनलवर तोच प्रयोग करा. तिथं पडला, तर मधली वायर तुटलीय.

वायर ठीक निघाली की वायर परत जोडा आणि युनिटच्या फ्लँजपासून (टाकीवर स्क्रूने बसणारी कड) चेसिसला एक जंपर (तात्पुरती वायर) लावा. काटा खाली आला तर टाकीचा अर्थ (चेसिसशी विजेची जोड) गेलाय. टाकी रंगवली, नवं कॉर्क पॅकिंग टाकलं की हमखास होतं. जंपरनेही फरक पडला नाही, तर मात्र युनिटमधलीच तार तुटलेली.

एक सावधगिरी: हा प्रयोग त्याच काळातल्या फोर्डवर करू नका. तिथं तापणाऱ्या पट्टीचा मीटर असतो, थेट अर्थ दिला की जळतो.

कटआउट:
दिवे लावल्यावर काटा हलतो ना? मग अँमीटर मेलेला नाही. इंजिन जरा वाढवून कटआउटच्या (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) दोन्ही बाजूंचे व्होल्ट मोजा. डायनॅमोकडे एक व्होल्टही नसेल तर ब्रश, कॉम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) नाहीतर फील्ड (चुंबक तयार करणारी कॉइल) बिघडलंय. कॉम्युटेटर बारीक सँडपेपरने घासा, एमरीने नको, त्याचे कण फटीत बसतात. डायनॅमोकडे जास्त आणि बॅटरीकडे सहाच असतील, तर कटआउट मिटत नाही. मोजणं काही सेकंदांतच उरका. लोड नसला की थर्ड ब्रशचे व्होल्ट उसळतात, फील्ड जळते.

होटगीरोड:
वायर टेकवल्यावर काटा एम्टीवर आला. फ्लँजला जंपर दिल्यावर पाव टाकी दाखवतोय, जी बरोबर आहे. कटआउटला डायनॅमोकडे ११, बॅटरीकडे ६.१.

बॅलन्सकॉइल:
म्हणजे टाकीचा अर्थ. फ्लँजच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडा आणि तिथून चेसिसला कायमची जाड वायर टाका. पेट्रोलच्या वाफा असतात तिथं, बॅटरी सोडूनच काम करा.

कटआउट:
११ आणि ६.१ म्हणजे पॉइंट (कटआउटमधले जोडणारे संपर्क) मिटत नाहीत. आधी कटआउटच्या तळाचा अर्थ बघा, कारण आतल्या बारीक कॉइलचं दुसरं टोक तिथंच जातं. तो ठीक असेल तर पॉइंट साफ करा. त्यानंतरही मिटेना, तर बारीक कॉइल तुटली असणार, रिवाइंडिंगवाल्याकडे द्या. उलटं होऊन पॉइंट चिकटले, तर इंजिन बंद असतानाही काटा जोरात उणेकडे जाईल. तसं दिसलं की लगेच बॅटरी सोडवा.

चार्ज सुरू झाला की थर्ड ब्रश बघा. फिरण्याच्या दिशेने सरकवला की अँपिअर वाढतात, उलट सरकवला की कमी. बॅटरी भरली तरी हा डायनॅमो थांबत नाही, त्यामुळं आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसा लांब गाडी चालवायची असेल तर ८ ते १० अँपिअरच्या वर ठेवू नका. नाहीतर बॅटरीचं पाणी उकळून जाईल. रात्री दिवे लावून जायचं असेल तर थोडा पुढे घ्या.